थंड गाडीची टिकटिक

मी कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. हसू नका. गावभरच्या दवाखान्यांत त्या वेळेवर पोचवणं हे माझं काम, आणि त्याला स्वतःची मोटरसायकल लागते, ही मालकाची अट. माझी गाडी जुनी आहे, पण आजवर तिने मला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

एके सकाळी किक मारली आणि इंजिनमधून टिकटिक सुरू झाली. चौकातल्या मोठ्या गॅरेजात नेली, तर तिथे आवाज गायब! तरी तिथल्या शहाण्या मेकॅनिकने न ऐकताच निदान केलं, "आतला पिस्टनचा रॉड गेला असणार. इंजिन खोलावं लागेल. पंधरा दिवस ठेवून जा." पंधरा दिवस? मालकाचा भाचा नवी कोरी गाडी घेऊन माझ्या जागेवर टपूनच बसला होता. रोज सकाळी दारात टिकटिक, आणि कुणाला ऐकवायला न्यावी तर ही साळसूद. बायको म्हणाली, "एकदा कान तपासून घ्या." मी तिच्यावर उगाच खेकसलो.

शेवटी गप्पमामांकडे गेलो. गाडी घेऊन कुणी आलं आणि बोलू लागलं की ते पहिल्यांदा "गप्प!" म्हणतात, म्हणून हे नाव. तरुणपणी ते यंत्रमागांची दुरुस्ती करायचे. सगळे माग एकदम खडखडत असताना कोणता बिघडलाय, हे नुसता हात ठेवून ओळखायचे. तो कारखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत गॅरेज काढलं. त्याच खोलीत मामी शिलाई मशीन चालवतात आणि दिवसभर अखंड बोलतात. त्यांना मात्र मामांनी कधी गप्प केलेलं मी ऐकलं नाही.

मामांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. आवाज अर्थातच नव्हता.

"दारात करते हो मामा! इथे आली की शहाण्यासारखी वागते," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

"इथे येईपर्यंत तापते ना ती. उद्या हात लावू नकोस तिला. मीच येतो."

सकाळी मामा हत्यारांची पिशवी घेऊन चालत आले. बायको चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि काही बोलणार, तेवढ्यात "गप्प!" ती कपासकट जागच्या जागी उभी राहिली. मी किक मारली. टिकटिक, टिकटिक. मामांनी एक जाड फडका सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबला, तशी टिकटिक एकदम वाढली.

"मेलो!" मी म्हणालो.

"मरतोस कशाला? रॉडचा आवाज फडक्याने कसा वाढेल? वाट अडवली की धूर दुसरीकडून निसटायला बघतो." पाईप जिथे इंजिनला जोडलेला असतो, तिथली काजळी त्यांनी मला दाखवली. साबणाचं पाणी टाकलं, तर तिथे बुडबुडे आले. "या सांध्यातलं गास्केट गेलंय. तापलं की धातू फुगतो, फट मिटते आणि आवाज बंद."

मला इतकं हलकं वाटलं की मी बायकोच्या हातातला मामांचा चहा पिऊन टाकला.

गाडी निवल्यावर त्यांनी गास्केटची तांब्याची नवी कडी बसवली. टिकटिक गेली. अगदी बारीक टकटक तेवढी उरली. "ती टॅपेटची, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची. ती असू दे," मामा म्हणाले. "ती घालवायला टॅपेट आवळले, तर व्हॉल्व्ह जळतो." मग पिशवी आवरत म्हणाले, "पण रॉडचंही बघून टाकू. चढावर भार पडला की खरं कळेल. चल."

ते मागे बसले आणि माझा खांदा धरला. चढ लागला, तशी त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

"थांबू का मामा?"

"गप्प! चालव."

आम्ही वर पोचलो. मामा म्हणाले, "रॉड ठणठणीत आहे. बिनघोर चालव."

मी त्यांना घरी सोडायला गेलो. मामी दारात आल्या आणि आमच्याकडे बघतच राहिल्या.

"काय झालं मामी?"

"अरे, यांना मोटरसायकलचा अपघात झाल्यापासून हे कुणाच्या गाडीवर बसले नाहीत. माझ्या भावाच्या लग्नालासुद्धा चालत आले होते."

"त्याला कशाला सांगतेस?" मामा म्हणाले. "चढावरचा आवाज खाली उभं राहून ऐकू येतो होय?"

मी त्यांचा हात हातात घेतला. तो घामाने ओलाचिंब होता. या माणसाचे उपकार कसे फेडावेत ते कळेना आणि हात सोडवेना. शेवटी मामांनीच तो सोडवून घेतला.

"जा आता," ते म्हणाले. "लोक दातांवाचून खोळंबले असतील."