शून्य नोंदी सापडल्या

संगणकाच्या पडद्यावर ‘शून्य नोंदी सापडल्या’ असं आलं की लोकांना हायसं वाटतं. मला राग येतो. पूर्वीही यायचा, पण शिरवळच्या कारखान्यात जे झालं त्यानंतर तो उतरलेलाच नाही.

मी मूळची माधवनगरची. आठवडाभर शिरवळला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीने घरी जायचे. कारखान्यातली प्रत्येक मशीन आपलं काय चाललंय ते सतत नोंदवत असते: दार उघडलं, थांबली, तापली. ते सगळं गोळा करणारं एक सॉफ्टवेअर होतं आणि त्यात शोधायचं काम माझं. शोधाच्या चौकटीत आज्ञा लिहायची आणि साठलेल्या नोंदींना प्रश्न विचारायचा, एवढाच माझा अधिकार. दुसरी जागा म्हणजे सर्व्हरवरची काळी खिडकी, कमांड लाइन. तिथून प्रश्न विचारत नाहीत, हुकूम देतात. सॉफ्टवेअर बंद कर, चालू कर, साठा मुळापासून साफ कर. ती खिडकी एकाच माणसाच्या हातात होती. आटपाडीचा होता, स्वभावाने गरीब, कुणालाच नाही म्हणता न येणारा. अशा माणसांचं कौतुक करायची आपल्याकडे पद्धत आहे.

पुसण्याची आज्ञा दोन्हीकडे असते, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. शोधातून पुसलं की नोंद फक्त दिसेनाशी होते, डिस्कवर असतेच. गोधडीखाली झोपलेलं पोर दिसत नाही म्हणून ते घरात नाही असं होत नाही, तसं. काळ्या खिडकीतून साफ केलं की मात्र खरोखर गेलं.

एका सकाळी साच्याच्या मशीनमध्ये अडकलेला तुकडा काढताना एक कामगार चेंगरून गेला. साताऱ्याकडचा, पंचविशीतला मुलगा. मशीनचं दार उघडं असताना मशीन हलताच कामा नये, त्यासाठी दाराला सुरक्षेचं कुलूप असतं. मी लगेच शोधून पाहिलं. ते कुलूप पहाटेच, सुपरवायझरच्या केबिनमधल्या संगणकावरून निकामी केलेलं होतं. तेव्हा हा मुलगा कामावर आलासुद्धा नव्हता. मोबाइल गेटवरच जमा करून घेतात, त्यामुळे फोटो निघाला नाही. दुपारी कंपनीने सांगितलं, त्यानेच घाईत कुलूप निकामी केलं. मी पुन्हा शोधलं. शून्य नोंदी. शोधातून पुसायचा अधिकार मॅनेजरकडे होता. साठ्याचा आकार मात्र रतीभरही कमी झालेला नव्हता.

मुलाचे वडील पलटणीतून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट घालून ते रोज गेटवर उभे राहायचे आणि सुटणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे. मलाही विचारलं.

“पोरी, मला पैसं नकोत. माजा पोरगा चुकला का न्हाई, तेवढंच कुनीतरी सांगा. त्याची आई म्हनती, लहानपनापास्नं घायकुत्याच हुता, चुकलाच आसंल. तिला दावायला मला कायतरी पायजे.”

“आबा, तो चुकला नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलंय. ते झाकलंय, पण आहे.”

“हाय न्हवं? मग निघंल.”

शुक्रवारी चौकशीचे सरकारी साहेब आले. मॅनेजरने मोठ्या पडद्यावर शोध चालवून दाखवला. शून्य. साहेब लिहून घ्यायला लागले तेव्हा मला राहवेना. “साहेब, हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारलाय,” असं म्हणून मी सगळा फरक सांगितला. साहेब शहाणे होते. म्हणाले, “मग काढून दाखवा.” मॅनेजर म्हणाला, “सर्व्हरवाला रजेवर आहे. सोमवारी दाखवतो.” साहेब म्हणाले, “ठीक, सोमवारी.” आणि पेन खिशाला लावून निघून गेले.

गेटवर मी आबांना हे सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “नोंदींचं मशीन सील न्हाई केलं?” साहेबांनी केलं नव्हतं.

शनिवारी एसटीत असताना फोनवर सूचना आली: देखभालीसाठी उद्या सॉफ्टवेअर बंद राहील. साठा मुळापासून साफ करायचा तर आधी सॉफ्टवेअर बंद करावं लागतं. मी आटपाडीकराला फोन लावला.

“काय पुसतोयस ठाऊक आहे का तुला?”

“डिस्क भरलीय म्हनून साफ करायला सांगितलंय, मॅडम. लेखी आलंय.”

“उघडून बघितलंस का आत काय आहे?”

“न्हाई बघितलं. बघितलं आसतं तर करता आलं नसतं.”

त्याने फोन ठेवला. मग मी साहेबांच्या कचेरीत लावला. शनिवार होता, नुसताच वाजत राहिला. सोमवारी पडद्यावर पुन्हा शून्य आलं आणि या वेळी साठ्याचा आकडाही तळाला गेलेला होता. साहेबांनी माझं म्हणणं लिहून घेतलं आणि खाली ‘पुरावा उपलब्ध नाही’ असा शेरा मारला. फरक मीच त्या मॅनेजरला भर सभेत शिकवला होता. गप्प बसले असते तर शून्यच राहिलं असतं, आणि बोलले तरी शून्यच राहिलं. महिन्याभरात मी नोकरी सोडली. त्यात शौर्य वगैरे काही नाही, त्या माणसांच्या शेजारी बसून डबा घशाखाली उतरेना.

आबांना मी साठाच पुसल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजी हुतं. नसलेलं कोन पुसतंय, पोरी? चल, हे तिला तुज्या तोंडानं सांग.”

मी त्यांच्या गावी गेले. घरामागे ऊस उभा होता आणि ओसरीवर आई लसूण सोलत बसली होती. मी अगदी सोप्या शब्दांत सगळं सांगितलं: पहाट, केबिन, कुलूप, काळी खिडकी. ती ऐकत सोलत राहिली. शेवटी हात पुसत तिने विचारलं, “आता कुठं दिसतं का ते?”

“नाही, काकू. आता कुठेच दिसत नाही.”

“मग चुकलाच आसंल,” ती म्हणाली. “लय घाई हुती त्याला, जेवताना सुदीक.”

आबा उठून उसाकडे गेले. मी तिच्यासमोर बसून राहिले, आणि तिने पुढचा लसूण हातात घेतला.