घोड्याची वेसण

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण ती खेळण्यातल्या घोड्याच्या नाकाविषयी आहे. एवढ्याशा नाकासाठी माणसाची झोप उडते, हे कोणाला पटलं नसतं.

निवृत्तीनंतर मी आणि माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भावोजी, सातिवलीच्या एका कारखानदारासाठी घरी बसून काम करायचो. परदेशात काही मोठी माणसं वीतभर उंचीचे घोडे जमवतात आणि त्यांना खऱ्यासारखा साज लागतो. भावोजी जुन्या हातमोज्यांच्या चामड्यातून खोगीर, पट्टे कापायचे. मी तारेच्या रिकिबी आणि तांदळाच्या दाण्याएवढी बकलं वळवायचो. खऱ्या घोड्यावर आम्ही दोघंही कधी बसलो नव्हतो.

एका बाईंनी मापासाठी आपला घोडा पाठवला होता. त्याला सजवताना एक कडी उरली. भावोजी जेवायला गेले होते. आमच्या घरी भातशेतीचे बैल असायचे. जनावर म्हटलं की नाकात वेसण, एवढं मला ठाऊक. मी सुई तापवून नाक टोचलं आणि कडी ओवली. छान दिसली. भावोजींनी परत येऊन, चष्मा न लावताच, घोडा कापसात गुंडाळला.

पुढे कारखानदाराने आम्हाला व्हिडिओ कॉलसमोर बसवलं. बाई घोडा छातीशी धरून रडत होत्या.

"नाकाला भोक कोणी पाडलं?" त्याने विचारलं.

मी भावोजींकडे पाहिलं. तेवढंच केलं. मग सगळ्यांनीच त्यांच्याकडे पाहिलं.

आमच्या आळीतला नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, दरवर्षी भावोजी बांधायचे. वेसणीची गोष्ट आळीभर झाली आणि त्या डिसेंबरात लोक विचारू लागले, "काका, यंदा गाढवाला शिंगं लावणार, की मेंढराला खोगीर?" भावोजी हसले, पण गोठा बांधला नाही. पुन्हा कधीच बांधला नाही. आळीने बाजारातून तयार गोठा आणला.

खरं सांगायला मी अनेकदा गेलो. एकदा तोंड उघडणार, तर तेच म्हणाले, "अरे, मला आठवतच नाही. मी कशाला घातली असेन रे ती वेसण?"

"वय झालं, भावोजी," मी म्हणालो.

"म्हणून तर ह्यांच्या हाती मी आता सुई देत नाही," चहा ठेवत ताई म्हणाली.

गेल्या वर्षी भावोजी गेले. शवपेटीपाशी पोचलो तेव्हा वाक्य तयार होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "अंकल, जरा पुढे सरका." मी सरकलो.

वाक्य असं होतं: भावोजी, ती कडी मी ओवली, तुम्ही तेव्हा जेवत होता, मला माफ करा, आणि यंदाचा गोठा तुम्हीच बांधा.