टेपमधलं वासरू

२०२४ साल, माझं वय बहात्तर. नातीची हळद तोंडावर आली होती आणि मुलाने डोक्यात घेतलं की हळदीला त्याच्या आईचे धवळे वाजवायचे. आम्हा आगऱ्यांत लग्नाला धवलारीण लागते. ती धवळे गात जाते तसतसा विधी पुढे सरकतो. भटजी असो नसो, तिच्याशिवाय मांडवात पान हलत नाही. माझी बायको अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत मानाची धवलारीण होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या आवाजाची एकच कॅसेट आहे, एका लग्नाच्या मांडवात भरलेली, आणि ती माझ्या ताब्यात असते. संध्याकाळी मी ती लावतो. त्या वेळी घरात टीव्ही बंद करावा लागतो. करतात.

मुलाने मला उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका स्टुडिओत नेलं. स्टुडिओ म्हणजे जीन्सच्या कारखान्यावरची एक खोली, भिंतींना स्पंज चिकटवलेला. मालक तिशीतला सिंधी, हळदीची डीजेची गाणी बनवणारा. कॅसेट मी त्याच्या मशीनला लावू दिली नाही. फीत गुंतली तर हा काय भरून देणार होता? मी माझाच टेप पिशवीत घालून नेला होता. यातून घे, नाहीतर राहू दे, म्हटलं. तो हसला. हसून बोलणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

वायर जोडून त्याने आवाज कॉम्प्युटरात घेतला. पडद्यावर माझी बायको सुरवंटासारखी आडवी पसरली. त्याने माउसने त्या सुरवंटाचं शेपूट धरलं आणि ओढलं. असं ओढलं की गाणं लांबतं किंवा आखडतं, पण आवाज तोच राहतो, असं त्याने मुलाला समजावलं. एक बटण बंद केलं की मग वेग आणि आवाज दोन्ही बदलतात, टेप जोरात फिरवल्यावर होतं तसं. ढोलाच्या ठेक्यात बसवायला हे सगळं लागतं म्हणे. मी म्हटलं, ढोल नको. दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुन्हा बोलावलं तेव्हा ताडून बघायला टेप आणि कॅसेट घेऊनच गेलो. त्याने लावलं. कुणीतरी पातळ, चढ्या गळ्याची पोरगी भराभर गात होती.

"ही कोण?" मी विचारलं.

"चाचीच आहे, काका. तुमचा टेप स्लो चालतो. पट्टा ढिला झालाय. मी तो बटण बंद करून सरळ केला."

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बोललो ते कमीच पडलं असं तेव्हा वाटलं. शाळा माझी चौथीपर्यंतची, पण बायकोचा आवाज ओळखायला शाळा लागत नाही. ज्याने तिला डोळ्यांनी पाहिलं नाही तो मला सांगणार ती कशी गायची?

तो चिडला नाही, याचा मला आणखी राग आला. त्याने माझ्या टेपवरून घेतलेला एक तुकडा लावला. "मागे हे काय आहे, काका?"

"वासरू," मी म्हटलं. तिसऱ्या धवळ्यात मागे एक वासरू हंबरतं, आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गोठा मांडवाला लागूनच होता.

त्याने तोच तुकडा सरळ करून लावला. तान्हं मूल रडत होतं.

मुलगा माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, तुझा कॉम्प्युटर उद्या गाढवालाही गायला लावील. कॅसेट काढली, टेप पिशवीत टाकला आणि शेअर रिक्षा पकडून एकटा घरी आलो.

घरी धाकटी मेहुणी हळदीसाठी आलेली. बायकोच्या मागे ओळ धरणारी तीच. अंगणात तांदूळ निवडत होती. मुलगा मागोमाग आला आणि फोनवर ते स्टुडिओतलं गाणं लावून तिच्यापुढे ठेवलं. मला डिवचायलाच. एक ओळ झाली आणि मेहुणीने दुसरी ओळ धरली. सुपातले हात थांबले नाहीत की मान वर झाली नाही.

मग रडणं आलं तशी ती हसली. "भाऊजी, तुमचा पोर हा. माझे मांडीवर व्हता, भुकेनं जीव खाल्लान माझा. म्हनून तर ताई इतकी घाईन गाते."

"इतकी वर्षं माझा टेप ऐकतेस. कधी बोलली नाहीस?"

"तुमाला कोन सांगनार?" ती म्हणाली, आणि पुन्हा तांदळात बघू लागली.

मी मुलाकडे पाहिलं. त्यालाही ठाऊक होतं की काय, ते मी विचारलं नाही. त्या संध्याकाळी घरात टीव्ही चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधीच त्याच्या जिन्यावर जाऊन बसलो. मालक आला, त्याने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. माफी वगैरेही मागितली नाही. ढोल घालायचा नाही, एवढं सांगितलं, आणि पोराचं रडणं पुसायचं नाही.