दंतोबांचा राक्षस

काही माणसांचा जन्मच आपले काम दुसऱ्याच्या नावावर जमा करण्यासाठी झालेला असतो, आणि अशांची संख्या जगात इतकी मोठी आहे की त्यांची तक्रार ऐकून घ्यायला कोणी मोकळा सापडत नाही. दंतोबा त्यांपैकी एक. हे त्यांचे टोपणनाव. ज्या प्रयोगशाळेत उमेदवारीपासूनची त्यांची सारी नोकरी गेली, तिथल्या सहकाऱ्यांनी ते थट्टेने ठेवले आणि पुढे पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखे ते सर्वांना पाठ झाले. प्रयोगशाळा हे नाव ऐकून कोणी भव्य कल्पना करू नये. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, भिंतीला लागून बाके, बाकांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, कोपऱ्यात छोटी भट्टी आणि या सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. गावातले दंतवैद्य इथे रोग्यांच्या जबड्यांचे ठसे पाठवीत आणि इथून कवळ्या व दातांवरच्या कॅप तयार होऊन जात.

या धंद्याचा न्याय उलटा आहे. सुताराने खुर्ची केली तर लोक म्हणतात, खुर्ची सुरेख झाली. दंतोबांनी केलेला दात मात्र कोणाच्या नजरेत भरला, तर तो बिघडला असे समजावे. रोग्याच्या सख्ख्या बहिणीलाही तो जन्माचाच वाटला पाहिजे. तेवढे साधले की काम संपते आणि कामाबरोबर करणाराही. शाबासकीचा इथे एकच प्रकार असतो: कवळी परत आली नाही.

दंतोबांनी हे सारे बराच काळ मूग गिळून सोसले. पुढे एकदा एका दंतवैद्याने रंगाची छटा जुळवून पाहण्यासाठी त्यांना दवाखान्यातच बोलावून घेतले. नवा दात बसवल्यावर खुर्चीतल्या बाई आरशात पाहून हरखून गेल्या.

"डॉक्टर, अगदी माझाच वाटतो हो!"

डॉक्टर हातमोजे उतरवत म्हणाले, "मी छटा जरा उबदार ठेवली."

हातात डबा धरून भिंतीशी उभ्या असलेल्या गृहस्थांकडे बाईंची नजर गेली, तेव्हा डॉक्टरांनी औदार्याने ओळख करून दिली: "हा लॅबचा माणूस."

त्याच आठवड्यात दंतोबांनी राक्षस विकत घेतला.

खेळण्यांच्या मोठ्या दुकानात मागच्या बाजूला अशा कल्पित प्राण्यांच्या छोट्या मूर्तींचे सुटे भाग मिळतात. ते घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि इतर हौशी मंडळींना दाखवायचे, असा हा छंद. दंतोबांनी त्यातला सर्वांत मोठा खोका उचलला. कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढे उंच, पंखवाले, तीन तोंडांचे आणि प्रत्येक तोंडात दातांच्या दोन रांगा असलेले ते ध्यान होते. 'ध्यान' हा शब्द त्यांच्या पत्नीचा. त्या पडद्यांच्या कापडाच्या दुकानात विक्रीला उभ्या असत आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग या पाहुण्याने बळकावलेला पाहत.

"दिवसभर दात आणि घरी आल्यावरही दातच," त्या म्हणत. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तुमचं मात्र भरत आलंय बाई!"

"यात सगळ्यांत अवघड तेच असतात," दंतोबा भिंगातून मान वर न करता उत्तर देत.

"आणि बाकीचं एवढं धूड?"

"ते होईल गं."

धूड खरोखरच झाले. खवल्यांवर करड्या अस्तराचा हात, खाचांतून पातळ काळपट रंग, उंचवट्यांवर कोरडा ब्रश, हे सारे त्यांनी भराभर उरकले. त्यांचा जीव गुंतला होता तो तोंडांत. नवशिके दातांना पांढरा रंग फासतात. दंतोबांना ठाऊक होते की जगात कोणताही दात पांढरा नसतो. मुळाशी पिवळसर, मधे दुधी, टोकाला किंचित राखी आणि मांस फाडणाऱ्या जनावराच्या दाढा तर झिजलेल्याच असणार. प्रत्येक दाताला त्यांनी त्याचे वय दिले. डाव्या तोंडातल्या खालच्या सुळ्याला केसासारखी एक चीर रेखली आणि चिरेत वर्षानुवर्षांचा डाग मुरवला. डॉक्टर नावाच्या प्राण्याचा हात न लागता त्यांच्या हातून प्रथमच काही घडत होते, आणि हौशी मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात त्याच्यापुढे ठेवायच्या कार्डावर त्यांचे स्वतःचे नाव असणार होते. कोणी तरी त्या दातांपाशी थांबावे आणि विचारावे, "हे कोणी केले?" एवढीच त्यांची मागणी होती. ती अवाजवी होती असे म्हणवत नाही.

प्रदर्शन आठवड्यावर आले तेव्हा मात्र हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी गत झाली होती. पंख अजून करड्या अस्तरातच होते. त्यात रविवारी सकाळी त्याच दंतवैद्याचा फोन आला. कुणाचा तरी पुढचा दात तुटला होता आणि सोमवारी त्या गृहस्थांना सभेत भाषण करायचे होते. दंतोबांनी चपला पायांत सरकवल्या.

"पंख राहिले की हो," पत्नी म्हणाल्या.

"फास तूच काहीतरी! नाहीतरी पंखांकडे कोण बघतंय?"

संध्याकाळी ते परतले तेव्हा पंख वाळत टाकलेले होते. पत्नींनी ब्रशला हातही लावला नव्हता. आंघोळीच्या स्पंजाचा तुकडा घेऊन त्यांनी हाडांमधल्या पडद्यावर तांबूस रंग टिपून टिपून बसवला होता आणि हाडांच्या कडेला, जिथे कापडाची चुणी पडावी तशी कातडी दुमडली होती, तिथे जांभळट सावली सोडली होती. दिव्यापुढे धरल्यावर त्या पंखांतून उजेड झिरपतो आहे असे वाटे, वास्तविक ते चांगले जाड होते.

"पडद्याला पाठीमागून ऊन लागलं की असंच दिसतं," त्या म्हणाल्या. "बरे झालेत?"

"चालतील," दंतोबा म्हणाले आणि दातांवर शेवटचा चकाकीचा हात द्यायला बसले.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होते. लांब टेबलांवर पांढरे कागद, कागदांवर नाना तऱ्हेची भुते आणि प्रत्येकापुढे एक कार्ड. परीक्षक म्हणून एक तरुणी हातात छोटी विजेरी घेऊन फिरत होती. ती दंतोबांच्या टेबलापाशी आली, वाकली आणि खाली बसून पंखांकडे पाहतच राहिली.

"काका, हे जाड आहेत? खरंच?" तिने मागून विजेरी लावून पाहिली. "अशक्य! ए, इकडे या रे, हे पंख बघा!"

चारपाच जण जमले. दंतोबा वाट पाहत होते. नजर पंखांवरून मानेवर येईल, मानेवरून जबड्यावर.

"दात जरा…" त्यांनी सुचवून पाहिले.

"हो, दात आहेतच की," ती मुलगी म्हणाली आणि पुन्हा पंखांकडे वळली. "या गटाचं पहिलं बक्षीस मी तरी इथेच देणार. पण एवढं सांगा, उजेडाचा हा परिणाम कसा साधलात?"

ज्या प्रश्नासाठी माणूस निम्मे आयुष्य थांबला, तो प्रश्न असा भलत्याच दारातून आत आला. आलेल्याला परत पाठवण्याचे बळ त्या क्षणी दंतोबांच्या अंगी नव्हते. त्यांनी घसा साफ केला.

"थरावर थर दिले," ते म्हणाले. "आणि छटा जरा उबदार ठेवली."

शब्द तोंडातून सुटल्यावर त्यांना ते ओळखीचे वाटले. मागे भिंतीशी, मूर्तीचा रिकामा खोका दोन्ही हातांत धरून, त्यांच्या पत्नी उभ्या होत्या.

घोळका पांगल्यावर त्या पुढे आल्या. "चला डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या, "चहा घेऊ या."

दवाखान्यातली ती हकिकत दंतोबांनी घरी इतक्या वेळा ऐकवली होती की टोमण्याचे स्पष्टीकरण मागण्याची सोय नव्हती. चहाचा पेला तसाच ठेवून ते उठले आणि परीक्षक मुलगी व मंडळाचे चिटणीस जिथे निकाल लिहीत होते तिथे जाऊन उभे राहिले.

"पंख मी रंगवलेले नाहीत. माझ्या घरातून रंगवलेत. बाकीचं माझं."

मुलीचा चेहरा पडला. चिटणीसांनी मात्र नियम वाचून दाखवला, कारण नियम वाचून दाखवण्याची संधी चिटणीस कधी दवडत नाहीत. एका हाताचे काम असेल तरच स्पर्धेत घेता येते, सबब नाव बाद.

"मूर्ती मांडलेली राहू दे. फक्त बक्षीस नाही."

"कार्डावर तेवढं लिहू द्याल?"

"लिहा की. कार्डाला कोण विचारतो!"

दंतोबांनी टेबलाशी येऊन खिशातले पेन काढले आणि आपल्या नावाखाली लिहिले: 'पंख: पत्नी.' तोवर पत्नी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बक्षीस घालवलंत ना? काय गरज होती? मी गंमत केली होती."

"गंमत नव्हती ती."

"नव्हती," त्यांनी कबूल केले. मग कार्ड उचलून जवळ धरले. "पत्नी? म्हणजे लॅबचा माणूस तसंच हे? नाव ठेवलंय हो मला माझ्या आईबापांनी."

दंतोबांनी पेन पुन्हा उघडले, 'पत्नी' हा शब्द खोडला आणि त्याच्यापुढे पत्नींचे नाव लिहिले. जागा थोडी होती, त्यामुळे अक्षरे कडेला दाटीवाटीने बसली. प्रदर्शन बंद होईपर्यंत निदान वीसएक जणांनी ते नाव वाचले आणि दोघांनी येऊन स्पंज कोणता वापरला हे बाईंना विचारले. दातांविषयी कोणी काही विचारले नाही.

परतताना बसमध्ये खोका पत्नींच्या मांडीवर होता. धक्क्याने काही मोडले तर नाही, म्हणून त्यांनी झाकण उघडून पाहिले आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

"अहो, या डाव्या तोंडातला खालचा सुळा चिरलाय."

"तो मी चिरलाय. म्हणजे रंगवलाय तसा."

"काय सांगता?" त्यांनी नखाने हलकेच चाचपून पाहिले. चीर नखाला लागली नाही. "आणि मी समजत होते खोक्यातूनच तसा आला. म्हटलं, उगीच सांगून तुम्हाला त्रास कशाला."

खिडकीबाहेर दुकानांचे दिवे लागत होते. उतरायचा थांबा आला तेव्हा दंतोबांनी झाकण नीट बसवले, खोका आपल्या हातात घेतला आणि पत्नींना पुढे उतरू दिले.