उसनं भांडण

आमची आत्या आधी मारायची आणि कारण मागाहून सांगायची. कारण बहुतेक वेळा पटण्यासारखं असायचं, पण तोवर समोरच्याचा ओठ फुटलेला असायचा. दूधवाल्याला तिनं त्याच्याच किटलीनं बडवलं आणि तो खाली बसल्यावर शांतपणे म्हणाली, "पानी घालतोस ते घाल, पन पोरीच्या अंगाला हात लावून दूध मोजू नको." ती पोर मी. मी तोवर घरात कुणाला काही सांगितलंसुद्धा नव्हतं.

आत्याला वळ गावी दिलं होतं. नवरा खाडीत बुडाला तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं. दीर शेताच्या बांधावर खुंट्या ठोकायला आला, तर तिनं भात कापायचा विळा त्याच्या मनगटावर चालवला. त्या हाताची दोन बोटं पुढे कधी वळलीच नाहीत. शेत तिच्याकडे राहिलं. पेरणी-कापणीला ती वळला जायची, एरवी भिवंडीत आमच्याकडेच असायची. बाबा तिच्याहून बरेच लहान. त्यांची आई गेल्यावर त्यांना तिनंच वाढवलं होतं. ती त्यांना सगळ्यांदेखत 'बारक्या' म्हणायची, आणि गावात लूमचे मोठे शेठ झालेले आमचे बाबा त्या हाकेला निमूट उठून जायचे.

बाबा नगरपालिकेत निवडून आले ते भाषणांवर नव्हे. कोन गावाच्या बाजूची सातआठ आडदांड पोरं आत्यानं हाताशी धरली होती. आमच्या मागच्या पडवीत ती जेवायची. काठी कुठं मारली की माणूस पडतो पण मरत नाही, हे ती त्यांना भाकरी थापता थापता सांगायची. त्यांचा म्होरक्या बाळाराम. मतदानाच्या दिवशी धामणकर नाक्यावर विरोधकांची माणसं आडवी आली, तेव्हा बाळारामच्या पुढे आत्या होती, कासोटा खोचलेली, हातात बांबू घेऊन. दुसऱ्या दिवशी निकाल लागल्यावर गुलालानं माखलेले बाबा तिच्या पाया पडले. तिच्या कपाळावरची जखम अजून ओली होती. "वाकू नको," ती म्हणाली, "गुलाल माज्या जखमेत जातो."

मग आमच्याकडे तो परदेशी साहेब येऊ लागला. एका बड्या देशाच्या मुंबईतल्या वकिलातीत तो व्यापाराचं काम बघायचा. त्याचे डोळे आणि भुवया इतक्या फिकट होत्या की आत्यानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'फिक्या' ठेवलं. तो लखनवी वळणाची हिंदी बोलायचा, बोंबलाचं कालवण हातानं खायचा, आजीच्या फोटोला नमस्कार करायचा. बाबांना त्यानं लोकरीचा कोट दिला, मला कॅमेरा दिला. आत्याला शाल दिली, तेव्हा तिनं ती मांडीवर घेतली आणि सरळ विचारलं, "तुमको क्या मंगता?"

"दोस्ती, बहनजी," तो हसून म्हणाला.

तो गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "बारक्या, दोस्ती मागनारा मानूस वस्तू घेऊन येत न्हाय. हा कायतरी न्यायला आलाय."

पण त्या देशाकडून कापडाच्या मोठ्या मागण्या येऊ लागल्या आणि घर बदललं. बाबा पाहुणे म्हणून महिनाभर तिकडे राहून आले. माझ्या भावाला तिकडच्या कॉलेजात फुकट शिक्षण मिळालं. आमचे आमदार जाऊन आले, यंत्रमाग मालकांतले चारपाच बडे जाऊन आले, आणि परत आलेले सगळे एकाच पद्धतीनं बोलायला लागले. नगरपालिकेत ठराव मंजूर झाला की अमुक प्रांतात त्या देशाच्या फौजेनं जी कारवाई केली ती योग्यच आहे. ठरावाचा कागद टाइप होऊन फिक्याच्या गाडीतून आला होता. बाबा तो घरी मोठ्यानं वाचत होते.

"हा परांत कुठशी आला?" आत्यानं विचारलं. "शापूरच्या पुढं?"

बाबांना तो नकाशावर दाखवता आला नाही. आत्या हसली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "उसनं मीठ घ्यावं. उसनं भांडन घेऊ नये, ते फेडता येत न्हाय."

त्या देशाचा एक मंत्री आमचे लूम बघायला येणार असं ठरलं. त्याच सुमारास सादिकनं काळ्या निशाणांची तयारी सुरू केली. सादिक आमच्याच कारखान्यात रात्रपाळी करायचा, आझमगडकडचा होता, कामगारांत त्याचा शब्द चालायचा. उर्दू वर्तमानपत्रात त्यानं वाचलं होतं की त्या प्रांतात संपावर बसलेल्या गिरणी कामगारांवर याच मंत्र्याच्या हुकमानं गोळ्या घातल्या गेल्या. "हम भी वही काम करते हैं," तो सगळ्यांना सांगत फिरायचा. "उसके गले में हार हम नहीं डालेंगे."

फिक्या आमच्या झोपाळ्यावर बसून चहा पीत होता. चहा मीच दिला. सादिकचं नाव त्यानं घेतलं नाही. तो म्हणाला, "शेठजी, उस दिन माहौल अच्छा रहना चाहिए. आपके बेटे की भी हमें फ़िक्र है." बाबांनी मान डोलावली. तो गेला आणि बाबांनी बाळारामला बोलावणं पाठवलं. आत्या तेव्हा कापणीसाठी वळला होती.

बाळाराम आणि त्याची पोरं पाळी बदलायच्या वेळी कारखान्यात शिरली. चौघांनी सादिकला धरलं आणि त्याचा उजवा हात चालत्या लूममध्ये कोंबला. लूम बंद करायला कुणाला पुढे येऊ दिलं नाही. त्याचा सासरा शेजारच्या लूमवर होता. म्हातारा धावून आला, तर त्याच्या डोक्यात लोखंडी दांडा बसला. तो इस्पितळात शुद्धीवर न येताच गेला. सादिकचा हात मनगटापासून कापावा लागला. पोलिसांनी लिहून घेतलं, मशीनवर अपघात.

सादिकची बायको जुबेदा सरळ वळला गेली. तिच्या पहिल्या बाळंतपणात रिक्षा मिळेना म्हणून आत्यानं तिला पाठुंगळी मारून दवाखान्यात नेलं होतं. आत्या शेतातून तशीच मातीच्या पायांनी तिच्याबरोबर आली. तिनं बाळारामला पडवीत उभं केलं.

"पगाराचं भांडन होतं?"

"न्हाय."

"त्यानं कुनाच्या बाईला हात लावला?"

"न्हाय आत्या. पावनं येनार हायत म्हून शेठनी सांगितलं."

तिनं त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो भिंतीवर आदळला. मग ती बाबांच्या खोलीत गेली. मी दाराशी होते.

"म्हातारा मेला, बारक्या."

"ते व्हायला नको होतं. पण तुला यातलं कळायचं नाही. मोठ्या देशांचं राजकारण असतं."

"म्हाताऱ्याचं डोकं आपल्या कारखान्यात फुटलं. मोठ्या देशात न्हाय."

"माझा मुलगा तिकडे आहे, आक्का," बाबा म्हणाले. मला तेव्हा त्यांची कीवसुद्धा आली.

आत्या मागे फिरली आणि मला बाजूला सारून निघून गेली. तिनं न मारल्याची मला भीती वाटली.

मंत्र्याच्या दिवशी कारखान्यासमोर मांडव होता. शाळेच्या मुली, बॅंड, दोन्ही देशांची निशाणं. शेठची बहीण म्हणून आत्याला कुणी अडवलं नाही. ती पायऱ्या चढून मंचावर गेली. फिक्या अर्धवट उठला, हात जोडले. तिनं त्याला बाजूला केलं.

"तेरेको नहीं मारती," ती म्हणाली. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. "तू तेरे मुलुक का काम करता. ये मेरा है."

आणि तिनं बाबांच्या तोंडावर मूठ मारली. दोनदा. बाबांचा दात तुटून पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडला. ते खुर्चीसकट मागे कोसळले आणि तोंड दाबून म्हणाले, "हिला बाहेर काढा."

बाळाराम आणि त्याची पोरं पुढे झाली. त्यांनी तिला पायऱ्यांवरून ओढत नेलं. ती सुटायला बघत होती, तेव्हा बाळारामनं मांडवाचा बांबू उपसला आणि तिच्या उजव्या खांद्यावर घातला, मग दंडावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बॅंडवाल्यांनी घाबरून वाजवायला सुरुवात केली. मंत्र्यानं लूम पाहिले आणि संध्याकाळी तो गेला. वर्तमानपत्रात आलं की एका वेडसर बाईनं किरकोळ व्यत्यय आणला.

हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत आत्यानं मला विचारलं, "फिक्या झोपाळ्यावर बसून काय बोलला ते तू ऐकलंस ना?"

"हो."

"मग चल."

मी गेले. तिच्याबरोबर, जुबेदाबरोबर, जिल्ह्याच्या मोठ्या पोलीस अधिकाऱ्यापुढे. बाबांचं नाव मी तिथं घेतलं आणि नंतर ठाण्याच्या कोर्टातही घेतलं. पण खटल्यात बाबा कधी आरोपी झाले नाहीत. फिक्याची तर साधी चौकशीही झाली नाही. पिंजऱ्यात बाळाराम आणि तीन पोरं तेवढी उभी राहिली.

आत्या साक्षीला उभी राहिली, तेव्हा वकिलानं विचारलं, "आरोपी तुमचे कोण?"

"मला आत्या म्हनतात," ती म्हणाली. "मारायला यांना मी शिकवलं. मलाबी यांच्यात उभी करा. आनि माज्या भावाला बोलवा, तो हितं दिसत न्हाय."

न्यायाधीशांनी तिला विचारलं तेवढंच सांगायला बजावलं. पोरांना सजा झाली. सादिक आणि जुबेदा मुलुखाला निघून गेले. ते निघताना आत्या स्टँडवर गेली होती. सादिकनं तिला सलाम केला नाही आणि तिनंही त्याची अपेक्षा केली नाही.

बाबांच्या घरात ती पुन्हा शिरली नाही. मी तिच्याबरोबर वळला राहिले आणि तिथूनच कॉलेज पुरं केलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नसे, म्हणून डाव्या हातानं ती भाकऱ्या थापायची, वेड्यावाकड्या. दर महिन्याला त्यातल्या काही फडक्यात बांधून ठाण्याच्या जेलवर जायची. "ज्यानं तुझा हात मोडला त्याच्यासाठी?" मी एकदा चिडून विचारलं. ती म्हणाली, "त्याला आई न्हाय, बाय. आनि पोर माजंच हाय."

जेलच्या भेटीच्या खोलीत बाळाराम तिच्या हातून फडकं घ्यायचा. खाली मान घालून खायचा. ती समोर बसून राहायची आणि वेळ संपली की उठायची.

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा ती गेली. बांधावर बसल्या जागी कलंडली. मी बाबांना निरोप पाठवला. ते माझ्या आईला घेऊन त्या देशाच्या दौऱ्यावर होते, वकिलातीकडून तार गेली, उत्तर आलं नाही. बाळारामला जेलातून काही तासांची परवानगी मिळाली. दोन शिपाई बांधावर उभे राहिले. हातातली बेडी काढल्यावर तो तिरडीजवळ आला, तिच्या मोडक्या हातावरून चादर सारखी केली आणि कुणी सांगायच्या आत पुढचा उजवा खांदा दिला.