होडीतली दोरी

मालवणच्या समुद्रात लेक स्कूबासाठी उतरली आणि मी होडीत बसून तिचे बुडबुडे बघत राहिले. तिच्या मनगटावर खोली सांगणारं घड्याळ होतं, सोबत शिकवणारा होता. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेजारी म्हातारे होडीवाले तात्या पाण्यात सोडलेली दोरी धरून होते. पूर्वी बुडालेला नांगर काढायला त्यांचा भाऊ खाली जायचा, तेव्हा ती त्याच्या कमरेला असायची. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ओढ.

"आता कुणाला बांधलीय?" मी विचारलं.

"कोणाकच नाय. पण हात रिकामो रवना नाय."

खाली जाणाऱ्यांसाठी केवढं काय काय निघालं. वर थांबणाऱ्यांसाठी काहीच नाही.

बुडबुडे दिसेनासे झाले. तात्यांनी दोरी माझ्याकडे सरकवली. मी ती घट्ट धरली.