व्याह्यांच्या घरचा सूर्यनारायण

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माणसाने जन्मात करू नये असलं काहीतरी मी करून बसलोय. आणि कुठे? पोरीच्या सासरी.

आमची सई इथे अमेरिकेतच, ॲन आर्बरला शिकते. तिथल्याच निखिलशी तिचं जमलं. त्याच्या आईवडिलांना पहिल्यांदा भेटायला मी आणि बायको सुलभा आमच्या कॅरी गावाहून विमानाने गेलो. गाडीत सईने बजावलं, "बाबा, प्लीज, तुमच्या थापा नकोत. लग्न कॅन्सल कराल."

सुलभा म्हणाली, "आधी त्यांच्या देवाला नमस्कार करा, मग टेका. बरं दिसतं."

दार उघडलं. समोर भिंतीतल्या कोनाड्यात परातीच्या दुप्पट तांब्याची तबकडी, वर्तुळात वर्तुळं. साक्षात सूर्यनारायण. मी बूट काढले, हात जोडले आणि कपाळ टेकलं.

अहो, कपाळ भाजलं! इतकं जागृत स्थान मी अख्ख्या महाराष्ट्रात पाहिलं नाही. मनात म्हटलं, देवा, पोरीचं सुखाने पार पडू दे. तर आतून गुडगुड असा आवाज. लगेच कौल! मी पेढ्यांचा बॉक्स देवापुढे ठेवला. सुलभाने पदर डोक्यावर घेतला.

मागे वळतो तर व्याही आणि विहीणबाई एकमेकांकडे बघतायत. मग तेही निमूट पुढे आले आणि डोकं टेकवून गेले.

"मॉम, व्हॉट आर वी डुइंग?" निखिल पुटपुटला.

"गप. नमस्कार कर."

जेवणं झाली. प्रसादाचे पेढे वितळून त्यांची बासुंदी झाली होती. ती सगळ्यांनी चमच्याने खाल्ली. तेवढ्यात निखिल म्हणाला, "काकू, थंडी वाजतेय?" आणि सरळ उठून त्याने देवाच्या बाजूचं बटण पिळलं.

माझा चमचा तोंडातच राहिला.

"इटलीचा आहे, काका. डिझायनर रेडिएटर. सहा महिने वेट केलं याच्यासाठी."

सई जमिनीकडे बघायला लागली. सुलभाचा पदर खांद्यावर आला. आता खरं सांगितलं तर व्याही म्हणणार, मुलीचा बाप हीटरच्या पाया पडतो. काय करावं माणसाने?

व्याही हळूच म्हणाले, "तुमची पद्धत फार आवडली हो आम्हाला. उष्णतेला वंदन. कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"पणजोबांपासून," मी म्हणालो. सईने टेबलाखालून लाथ घातली.

"फार थंडीच्या गावचे होते का?"

"सोलापूरचे."

लग्न झालं, चांगलं झालं. परवा पुन्हा गेलो होतो. पाहुण्यांच्या खोलीत शिरलो तर पलंगासमोर तसाच दुसरा सूर्य. विहीणबाई म्हणाल्या, "म्हटलं, रोज नमस्काराला जिना उतरायला नको तुम्हाला."

सकाळी आंघोळ करून आलो तर दारात व्याही उभे, हातात ताम्हन, ताम्हनात निरांजन.

"पणजोबांची आरती तेवढी लिहून द्या. नुसता नमस्कार अपुरा वाटतो."

दोन कडवी झालीत. तिसऱ्यात 'गुडगुड'ला यमक अडलंय. तुम्हाला काही सुचतंय का?